काठीवरचा रेनकोट

१

तंबू ठोकताना नवरा-बायकोत भांडण झालं नाही तर तो तंबू वाऱ्यात टिकत नाही, असं तिचं ठाम मत होतं. तीस वर्षांच्या संसारात दोघांनी कितीतरी डोंगरांवर तंबू ठोकले होते आणि दर खुंटीमागे एक खटका उडाला होता. या खेपेला मात्र ती गप्प होती. तो खुंटी चाचपत होता, हातोडी खुंटीऐवजी दगडावर बसत होती आणि ती नुसती दोरी धरून बघत होती. शेवटी "तुम्ही जरा बसा, दमलात" म्हणून तिनं हातोडी काढून घेतली.

तो दमला नव्हता, त्याचे डोळे चालले होते. मधलं दिसणं जातं, कडेचं तेवढं राहतं, असा तो आजार. समोर कुणी उभं राहिलं की त्याला खांदे दिसत, कपड्यांचा रंग दिसे, चालण्याची ढब कळे. चेहऱ्याच्या जागी मात्र अंगठ्यानं पुसल्यासारखा डाग. त्याचा फोटो स्टुडिओ होता. गिऱ्हाइकाचे डोळे मिटलेत की उघडे हे त्याला कळेनासं झालं, तेव्हा त्यानं स्वतःच स्टुडिओचं शटर खाली ओढलं. कॅमेरा तेवढा ठेवला. डोंगर डोळे मिटत नाहीत, म्हणाला.

तसा त्याचा खरा जीव डोंगरांतच होता. त्याची चित्रं कॅलेंडरांवर छापून येत, आणि त्यातल्या प्रत्येक डोंगराच्या अंगावर कुठेतरी एक इवलासा लाल ठिपका असे. ती लाल रेनकोटातली बायको. डोंगर केवढा आहे हे नुसत्या डोंगराकडे बघून समजत नाही, त्याच्या अंगावर एक माणूस उभा करावा लागतो, हे त्याचं तत्त्व. त्यामुळे लग्न झाल्यापासून ती लांब जाऊन उभी राहत आली होती. लाडात आला की तो तिला ठिपकाच म्हणायचा. घरातल्या सगळ्या भिंतींवर ती होती, पण एकाही भिंतीवर तिचा चेहरा नव्हता. यावरून ती त्याला टोमणे मारायची आणि तो ते मुकाट्यानं ऐकून घ्यायचा.

निघताना मुलीनं फोनवर आईला चांगलंच फैलावर घेतलं होतं. "वादळाचा इशारा दिलाय आणि तू बाबांना घेऊन डोंगरावर निघालीस? कमाल आहे तुझी. निदान त्यांना एकटं सोडू नकोस. क्षणभरसुद्धा."

"नाही सोडत गं," ती म्हणाली होती.

आणि ठिपका व्हायचं म्हणजे त्याला सोडून लांब जाणं आलंच. त्याला हवं होतं ते चित्र वादळाचंच होतं. ढग फाटून उजेडाचा एक पट्टा खिंडीवर पडतो, तेवढ्यापुरतं सगळं उजळतं आणि मिटतं. हे एकदा मिळालं की कॅमेरा कपाटात ठेवीन, असं त्यानं कबूल केलं होतं. ते ऐकून तिला इतकं वाईट वाटलं होतं की तिच्यानं नाही म्हणवलं नाही.

२

तंबू खालच्या सपाटीवर होता. समोर दगडधोंड्यांची घळ, तिच्या तळाशी ओहोळ आणि पलीकडे चढून गेलं की खिंडीच्या तोंडाशी एक काळा कातळ. ठिपक्याची जागा तीच. तंबूतून निघून तिथवर पोचेपर्यंत तिच्या उजव्या गुडघ्यानं चांगलीच कुरकुर केली.

उभं राहणं वाटतं तितकं सोपं नसतं. असल्या अंधुक उजेडात तो कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवायचा. तेवढ्या वेळात जे हलेल ते चित्रात फिसकटतं. गवताचा धूर होतो, पाण्याचं दूध होतं. ठिपक्यानं मात्र हलायचं नाही. आणि वारा तर असा की रेनकोटाच्या टोपड्याच्या कडा तिला दोन्हीकडून थोबाडीत मारत होत्या.

शिट्टी वाजली. लांब शिट्टी म्हणजे झालं, परत ये. धापा टाकत ती खाली आली, तर हा कॅमेऱ्याच्या पडद्यावर भिंग धरून, मान वाकडी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून चित्र बघत बसलेला.

"हललीस."

"मी नाही, वाऱ्यानं हलवलं."

"ठिपक्याचा शेंबूड झालाय," तो म्हणाला. "पुन्हा जा."

पुन्हा गेली. वर पोचली तेव्हा गुडघ्यात कळा येत होत्या आणि डोळ्यांतून पाणी. तिथे तिच्या मनात एक चोरटा विचार आला. एवढ्या लांबून त्याला दिसतो तो फक्त लाल रंग. आत माणूस आहे की आणखी काही, हे त्याच्या डोळ्यांना कुठे कळतंय? तिनं चालायची काठी कातळाच्या भेगेत घट्ट रोवली, बुडाशी दगड लावले, वर मफलर गुंडाळून डोकं केलं आणि त्यावर रेनकोट चढवून गळ्यापर्यंत बटणं लावली. मग कातळाच्या आडोशाला जाऊन बसली, स्वेटर हनुवटीपर्यंत ओढून, शाळेला दांडी मारल्यासारखी खूश होऊन.

शिट्टी झाली. तिनं रेनकोट अंगात घातला, मफलर गळ्यात घातला, काठी तिथेच राहू दिली आणि उतरली.

तो तिची वाटच पाहत होता. "अगं, काय उभी राहिलीस! ये, बघ."

तिनं भिंग हातात घेतलं. गवत फिसकटलं होतं, ढग फिसकटले होते, कातळावरची झुडपंसुद्धा नुसता हिरवा धूर. ठिपका मात्र सुईच्या टोकानं काढावा तसा स्पष्ट होता. तिला हसू आलं. ते ओठांवर होतं तोवरच तिला दिसलं की ठिपका डाव्या पायावर भार देऊन, उजवा गुडघा किंचित वाकवून उभा होता.

ती तशीच उभी राहते. गुडघा दुखायला लागल्यापासून.

काठीला गुडघा नसतो. उतारामुळे रेनकोट एका अंगाला कलला असेल, तिनं मनाशी म्हटलं. हवा भरून खालचा घेर फुगला असेल. हे कारण तिला पटलं. मग वाटलं, एवढी हवा भरली होती तर तो हलला कसा नाही? तिनं भिंग परत दिलं.

३

दुपारी पाऊस आला. तंबूच्या कापडावर मूठमूठ खडे मारावेत तसा. दोघं आत गुडघ्याला गुडघा लावून बसली. तिनं चहा केला. त्यानं कप दोन्ही हातांनी चाचपून घेतला.

"आज तू फार छान उभी होतीस," तो म्हणाला. "इतक्या वर्षांत अशी कधी नाही राहिलीस. तुझी आपली कायम चुळबुळ."

"हो का? मग इतकी वर्षं सांगितलं नाहीत ते."

"सांगतोय की आता."

खरं सांगून टाकावं असं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. अहो, ती मी नव्हतेच, काठी होती. दोघं पोट धरून हसली असती. पण त्याचा चेहरा कधी नव्हे तो उजळला होता. तो उजेड आपल्या हातानं विझवणं तिच्या जिवावर आलं. शिवाय ते बोलायचं म्हणजे गुडघ्याचंही बोलावं लागलं असतं, आणि त्याचा विचारच तिला नको होता.

"आपण खाली उतरू या का?" तिनं विचारलं. "फोनला रेंज नाही. पोरगी काळजी करत असेल."

"एकच. ढग फाटणार आहेत, मला वास येतो त्याचा."

"सकाळचं छान आलंय ना?"

"सकाळी उजेड नव्हता." त्यानं कप खाली ठेवला. ठेवताना तो कलंडला आणि चहा सतरंजीवर पसरला. त्याला ते कळलं नाही. "पुढच्या वर्षी मला खिंड दिसेल की नाही, सांग तू."

तिनं फडकं घेतलं आणि चहा टिपला. मग रेनकोट चढवून बटणं लावायला लागली. या खेपेला आपण स्वतः उभं राहायचं, हे तिनं मनोमन ठरवलं होतं.

"तुम्ही कॅमेऱ्यापासून हलायचं नाही," ती म्हणाली. "मी येईपर्यंत कुठेही जायचं नाही. शप्पथ घ्या."

"घेतली. जा आता, उजेड जाईल."

४

काठी भेगेत होती. पण सकाळी तिनं रोवली होती ती कातळाच्या मागच्या भेगेत, आडोशाजवळ. आता ती पुढच्या भेगेत होती, तंबूच्या अंगाला.

नीट आठवत नसेल, ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, कारण आजूबाजूला वाऱ्याशिवाय कुणी नव्हतं. कातळाला भेगा का कमी असतात? सकाळी घाई होती, दुखत होतं, कुठली भेग हे कोण लक्षात ठेवतो? बुडाशी दगडही होते, तिनं लावल्यासारखे. वारा काठी पाडेल. उचलून दुसरीकडे रोवेल आणि वर दगड लावून देईल, असला वारा तिनं पाहिलेला नव्हता. तिच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

तरीही ती उभी राहिली. पण वारा सकाळचा राहिला नव्हता. एका झोताबरोबर ती गुडघ्यावर आपटली, दुसऱ्यात कातळाच्या कडेपर्यंत सरकली. खाली घळ होती. आपण पडलो तर खाली तो एकटा राहील. वाट दिसत नाही, फोन लागत नाही, रात्र तोंडावर. त्यापेक्षा काठी बरी, हा हिशेब तिला अगदी शहाणपणाचा वाटला. तिनं काठीवर मफलर गुंडाळला, अंगातला रेनकोट काढून त्यावर चढवला, बटणं लावली आणि आडोशाला सरकली. मात्र या वेळी पाठ फिरवली नाही. डोळ्यात तेल घालून रेनकोटाकडे बघत बसली.

रेनकोट हलत नव्हता.

तिच्या स्वेटरच्या बाह्या फडफडत होत्या, केस तोंडात जात होते, कातळावरची झुडपं आडवी झाली होती. रेनकोट मात्र कपाटात टांगल्यासारखा स्वस्थ होता. बाह्या खाली सुटलेल्या. रिकाम्या बाह्यांना कोपर नसतं, पण एका बाहीला ते असावं असं वाटत होतं. भिजून जड झाला असेल, तिनं स्वतःला समजावलं. ओलं कापड जडच असतं. कपडे वाळत घालताना नाही का आपण बघत?

मग खिंडीतून ढग आला आणि दोघांवरून गेला. आधी लाल रंग मळका झाला, मग नाहीसा झाला. त्या पांढऱ्यात तिला आवाज आला. बटण काढण्याचा नव्हे, कापडाचाही नव्हे. कुणीतरी बराच वेळ ताटकळत उभं राहिल्यावर हुश्श करून पाय बदलावेत, तसा.

"कोण आहे?" ती म्हणाली. आवाज तिलाच नीट ऐकू आला नाही.

५

ढग सरला तेव्हा भेगेत नुसती काठी होती.

उडाला, तिला वाटलं. गेला एकदाचा. क्षणभर तिला बरंच वाटलं, नव्या रेनकोटाला नवरा किती कुरकुर करील याचाही विचार आला. मग तिनं खाली पाहिलं.

घळीत लाल रंग दिसत होता. वाऱ्यानं उडालेलं कापड गोते खातं, धोंड्यांना अडकतं, फाटतं. हे वाटेनं जात होतं. मोठ्या धोंड्याला वळसा घालून. बुळबुळीत फरशीसारखा दगड होता तिथे थांबून, अंदाज घेऊन, आधी डावा पाय टाकून. उजवा पाय जपत.

"अहो!" ती ओरडली. "अहो, ती मी नाही!"

वाऱ्यानं तिचे शब्द तोंडातूनच हिसकावून नेले. ती धावली. गुडघा, घळ, धोंडे, कशाची पर्वा न करता धावली, पडली, उठली, आणि पळता पळता ओरडत राहिली. त्याच वेळी ढग फाटले. उजेडाचा सोनेरी पट्टा खिंडीवर आला, आणि त्या उजेडात तिला खालची सपाटी लख्ख दिसली. तिचा नवरा ट्रायपॉडशी उभा होता. शप्पथ पाळून कॅमेऱ्यापासून हलला नव्हता. एवढा उजेड पडलेला असून तो खिंडीकडे बघतही नव्हता. त्याला लाल रंग येताना दिसला होता. त्यानं हात वर केला, तिला करायचा तसा.

"नका! अहो, नका!"

घसा फाटला. आता तोंडातून नुसती हवा येत होती.

ओहोळापाशी तो पुढे झाला. ती परत आली की ओहोळ ओलांडताना तो नेहमीच हात द्यायचा. कितीही भांडण झालेलं असो, तेवढं तो कधी चुकवत नसे. त्यानं हात पुढे केला. लाल बाही वर आली. तो क्षणभर थबकला. हातात काय आलं असेल ते त्याचं त्यालाच माहीत. तिला वाटलं, कळलं त्याला, आता तो हात झटकेल. तिनं दगड उचलला, फेकला. तो घळीत कुठेतरी गडगडत गेला. पण त्यानं दुसरा हातही पुढे केला आणि ती लाल बाही दोन्ही तळव्यांत धरून चोळली, गार पडलेला हात ऊब यावी म्हणून चोळावा तशी.

मग दोघं तंबूकडे चालू लागली. तो बोलत होता आणि लाल टोपडं त्याच्याकडे वळलेलं होतं.

६

ती तंबूपाशी पोचली तेव्हा उजेडाचा पट्टा मिटून पुन्हा पावसाचा मारा सुरू झाला होता. अंगावरचा स्वेटर चिखलानं माखलेला, केस तोंडावर, एक बूट घळीत राहिलेला. ट्रायपॉड आडवा पडला होता. तो कधी कॅमेरा असा टाकत नाही, स्वतः भिजेल पण कॅमेऱ्यावर कापड घालील. 

तंबूत दिवा लागला होता. कापडावर दोन सावल्या होत्या. तिनं वाकून कान दिला. 

आतून त्याचा आवाज येत होता. धडधाकट होता, जिवंत होता. तिला रडूच आलं.

"... नको म्हणालो मी चित्र," तो सांगत होता. "एवढा उजेड पडला, पण तू पायवाटेवर होतीस. म्हटलं, जाऊ दे. आयुष्यभर तुला लांब उभी केली." मग तो थांबला. कुणाचं तरी ऐकून घेताना थांबतो तेवढाच थांबला. "नाही गं. आता नाही पाठवणार. आता जवळ बस."

तिनं दाराची चेन ओढली. ओल्या हातातून ती दोनदा निसटली, मग कर्रकन उघडली आणि वारा आत घुसला. तो दाराशी, अगदी हाताच्या अंतरावर बसला होता. त्यानं मान वाकडी केली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला न्याहाळलं. चिखलाच्या रंगाची बाई, वाकलेली, एका पायात बूट. त्याच्या मागे कोपऱ्यात, सतरंजीवर, लाल रेनकोट गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. टोपडं पुढे ओढलेलं होतं. आत मफलर होता की काय होतं, हे तिनं पाहिलं नाही. तिनं फक्त नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, मी," ती म्हणाली. बसलेल्या घशातून नुसती घरघर आली.

"अरेरे, किती भिजलात तुम्ही," तो म्हणाला. परक्या माणसाशी तो नेहमी असाच मऊ बोलायचा. "वाट चुकलात का? कुणाबरोबर होतात?"

तिनं त्याचा हात धरला. तो हात गरम होता, तिच्या ओळखीचा होता, अंगठ्यापाशी ट्रायपॉडचा घट्टा होता. त्यानं तो हळूच, सभ्यपणे सोडवून घेतला. तिनं मान जोरजोरानं हलवली, स्वतःच्या छातीवर हात आपटला, कोपऱ्याकडे बोट केलं, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून आपल्याकडे वळवला. वळवला तशी ती त्याच्या नेमकी समोर आली आणि दिसेनाशी झाली.

तो घाबरला. मागे सरकला आणि कोपऱ्यातल्या लाल रंगाला टेकला.

"अगं," त्यानं विचारलं, "या बाई तुझ्या ओळखीच्या आहेत का?"

पाऊस कापडावर कोसळत राहिला. मग टोपड्यातून कुणीतरी "नाही" म्हणालं. आवाज तिचाच होता, घसा बसण्याआधीचा.